सौर वीज खरंच स्वस्त पडते का?

प्रश्न : सौर वीज दोन-अडीच रुपये युनिट, असं पेपरात येतं. मग औष्णिक केंद्रं अजून कशाला चालवायची? – एक शेतकरी, केज

उत्तर : दादा, भाव खरा आहे. 2020 साली गुजरातच्या लिलावात तर 1.99 रुपये निघाला. पण तो उन्हातल्या युनिटचा. दिवेलागणीनंतरची वीज बॅटरीतून नाहीतर कोळशातून येते, तो खर्च या दरात धरलेला नसतो.

आता दुसरी बाजू. मी परळीचा. थर्मलच्या हिशोबात कोळसा दिसतो, रेल्वेभाडं दिसतं, दुष्काळ दिसत नाही. 2013 मध्ये पाण्याअभावी इथलं केंद्र बंद ठेवावं लागलं, 2015 मध्ये पुन्हा. संच उभे, पगार चालू, वीज शून्य! शिवाय राख. आपल्या देशी कोळशात ती तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते. वारा सुटला की वाळवणावर करडा थर बसतो, कापसाचं बोंड हाताला खरखरीत लागतं. याचे पैसे कुठल्याच बिलात नाहीत, ते दवाखान्यात आणि शेतात जातात.

मोटारीला दिवसाची सौर वीज मिळत असेल तर घ्याच. रात्री बारा वाजता विंचूकाट्यात पाणी द्यायला जाणं, हाही खर्चच की! घरातल्या रात्रीच्या दिव्याला मात्र बॅटऱ्या पुरेशा येईपर्यंत कोळसा लागणार.