‘उद्यम रद्द करा, मग माल घेतो’

प्रश्न : इचलकरंजीत माझे बारा माग आहेत. आठ वर्षं एकाच पेढीला ग्रे (मागावरून उतरलेलं, कोरं) कापड देतो. पैसे नव्वद दिवसांनी येतात, पण येतात. आता त्यांच्या मुनिमाचा फोन आला, ‘उद्यम नोंदणी रद्द करून तसं पत्र पाठवा, नाहीतर मार्चमध्ये तुमचा माल घेणार नाही.’ कायदा आमच्या भल्यासाठी केला ना? मग काम आमचंच का जातंय? रद्द करू का?

उत्तर : करू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांबा. उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी; सगळं तिच्यावरच अडलंय.

मुनिमाला घाम फोडलाय तो ४३बी(एच) या कलमाने. २०२३ च्या वित्त कायद्याने ते प्राप्तिकरात आलं आणि पहिला दणका मार्च २०२४ ला बसला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च धरता येत नाही. मुदत २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यातली : लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५. समजा तुमचं ८ लाखांचं बिल थकलं. ते ८ लाख पेढीच्या नफ्यात मिळवले जातात. भागीदारी पेढी असेल तर सेस धरून २,४९,६०० रुपये कर. पुढच्या वर्षी पैसे दिले की वजावट मिळते, पण कर आधी भरून बसावं लागतं.

एवढा कर वाचवायला पेढ्या वेळेवर पैसे देतील, असा सरकारचा हिशेब. पेढीचा हिशेब वेगळा निघाला. तिचेही पैसे पुढे प्रोसेसवाल्याकडे, रेडिमेडवाल्याकडे अडकलेले असतात. तुम्हाला लवकर द्यायचे तर बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची उचल, वाढवून घ्यावी लागते. त्यापेक्षा माल देणारा बदलणं स्वस्त. मध्यम उद्योग या कलमाबाहेर. व्यापारीही बाहेर, कारण त्याला उद्यम मिळते ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. आणि ज्याची नोंदणीच नाही, त्यालाही बाहेरच धरतात. म्हणून तो फोन तुम्हाला आला.

त्या पहिल्या मार्चमध्ये एका अशिलाच्या शेडवर मी स्टॉक मोजत बसले होते. संध्याकाळी टेंपो आला. जानेवारीत गेलेले तागे परत! चिठ्ठ्यांवर मीटर लिहिलेले त्याच्या बायकोच्या अक्षरात. सोबत ‘रिजेक्शन’चा कागद. दोष काय म्हणावा? एकही तागा उलगडलेला नव्हता, सुतळीची गाठ होती तशी. ५ एप्रिलला तेच तागे, तोच टेंपो, बिल तेवढं नवीन. दोन्ही वेळचं भाडं त्याच्याच खिशातून आणि उधारीचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. दुसऱ्या एकाचा माल तर जागचा हललाही नाही, नुसती बिल मागे घेतल्याची क्रेडिट नोट फिरली. ३१ मार्चला पेढीच्या वहीत थकलेलं बिल दिसू नये, एवढ्यासाठी.

आपल्या गावाने यावर फार आश्चर्य करू नये. यंत्रमागाच्या वीजसवलतीत २७ अश्वशक्तीच्या आतले आणि वरचे अशी रेघ आहे. त्या रेघेच्या आत राहायला एका शेडला दोन मीटर, एक नवऱ्याच्या नावाने आणि एक बायकोच्या, हे आपल्यातलेच काही जण करतात. पेढीने तोच डाव आपल्यावर टाकला.

हेतू खोटा नव्हता. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागायचा हक्क २००६ पासूनच आहे. पण मागतो कोण? मागितलं की गिऱ्हाईक गेलं. म्हणून तक्रारीशिवाय आपोआप लागणारी शिक्षा शोधली. ती बसते मात्र तुमचा दाखला बघून, आणि दाखला नकोसा करणं पेढीच्या हातात.

नोंदणी रद्द केलीत तर ते व्याज आणि थकलेल्या पैशांसाठी याच कायद्यातल्या सुविधा परिषदेकडे दाद मागायची वाट, दोन्ही जातील. बँकेतही उद्यम क्रमांक विचारतात. त्यापेक्षा मुनिमाला समजावा, कारण माझ्या अनुभवात निम्मी भीती कलम नीट न वाचल्याची असते. मुदत उलटलेलं बिलसुद्धा ३१ मार्चच्या आत चुकतं केलं तर वजावट त्याच वर्षी मिळते. ४५ दिवसांचा लेखी करार असला, तर २० फेब्रुवारीला घेतलेल्या मालाची मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते. तोवर पैसे दिले की कलम लागतच नाही. म्हणजे भांडण उरतं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच्या आणि त्याआधीच्या बिलांचं. तेवढ्यापुरतं बोला, हवं तर थोडी सूट द्या. आणि हेही कानावर घाला की १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५० वरून १०० कोटींवर गेली आहे, गुंतवणुकीची १० वरून २५ वर. काल मध्यम म्हणून जवळ केलेली साठ कोटींची मिल आज लघु निघू शकते. तिलाही उद्यम रद्द करायला सांगणार का?

आणि मार्चअखेर टेंपो दारात आलाच, तर रिजेक्शनच्या कागदावर सही करू नका. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत नसेल, तर तो स्वीकारला असंच २००६ चा कायदा धरतो. दोष कुठल्या ताग्यात, कितव्या मीटरला, ते लिहून मागा.