खासगीकरण, खाजगीकरण आणि निर्गुंतवणूक

नाशिकच्या एका विद्यार्थिनीने आपल्या निबंधातले वाक्य पाठवले आहे : "1 जानेवारी 1990 रोजी पोलंडने समाजवाद सोडून खाजगीकरण केले." 'खासगी' लिहावे की 'खाजगी', आणि निर्गुंतवणूक म्हणजे तेच का, असे तिने विचारले आहे.

मूळ अरबी 'खास', फारसीतून आलेले 'खासगी'. 'ग' हा घोष (उच्चारताना गळ्यात कंप होणारा) वर्ण, त्याच्या शेजारी 'स'ही बोलताना घोष झाला आणि 'खाजगी' रूढ झाले. (हा 'ज' 'जाळे'मधला, 'जेवण'मधला नव्हे.) त्यामुळे 'खाजगी' अशुद्ध नाही. मी स्वतः 'खासगी' लिहितो, कारण त्यात 'खास' डोळ्यांना दिसतो.

तो दिसायला हवा. चांदवडचा रंगमहाल आपण पाहतो, त्या होळकरांच्या राज्यात 'दौलत' (राज्याचा) आणि 'खासगी' असे दोन वेगळे हिशेब असत. खासगी म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या मालकीची मिळकत. 'खासा' म्हणजे धनी. आज मात्र जे सरकारचे नाही ते सगळे खासगी, मग कोपऱ्यावरची पिठाची गिरणी असो की तेलकंपनी. रशियाबद्दल वाचताना मला जुना अर्थ फार आठवतो. 1992 मध्ये तिथे प्रत्येक नागरिकाला सरकारी कंपन्यांचे समभाग घेण्यासाठी 10,000 रूबलचे व्हाउचर मिळाले, महागाईत अनेकांनी ते मिळेल त्या भावाने विकले. 1995 मध्ये सरकारने कर्जासाठी तेल आणि धातूच्या बड्या कंपन्यांचे समभाग तारण ठेवले, कर्ज फिटले नाही, आणि त्या कंपन्या मूठभर बँकवाल्यांच्या झाल्या. खाशांचीच खासगी!

निर्गुंतवणूक वेगळी. सरकार आपले भांडवल काढून घेते, पण मालकी जाईलच असे नाही. नाशिकजवळच्या ओझरला 1964 पासून सोव्हिएत मिग विमानांसाठी उभा असलेला एचएएलचा (हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीचा) कारखाना घ्या. 2018 मध्ये एचएएलचे समभाग बाजारात आले, तरी बहुतांश हिस्सा केंद्र सरकारकडेच राहिला. याला खासगीकरण म्हणू नये.

आता पोलंड. 1 जानेवारी 1990 रोजी तिथले अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची योजना लागू झाली : बहुतेक किमतींवरचे आणि परदेशी व्यापारावरचे निर्बंध उठले. हे उदारीकरण. दुकाने लवकर विकली गेली, मोठ्या कारखान्यांना पुढे कित्येक वर्षे लागली. म्हणून वाक्य असे करावे : "1 जानेवारी 1990 पासून पोलंडने उदारीकरण सुरू केले, खासगीकरण त्यानंतर टप्प्याटप्प्याने झाले."