रुग्ण औषधं नियमित घेत नाहीत. युजर रिसर्च (वापरणाऱ्या माणसांना भेटून त्यांच्या अडचणी समजून घेणं) आणि वर्तनाचा अभ्यास करून केलेल्या डिझाइनने यात खरंच फरक पडतो का? सुरुवात कुठून करावी?

फरक पडतो, नक्की पडतो. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की रुग्ण गोळ्या विसरतात, म्हणून आठवण करून देणारं ॲप बनवायचा विचार आहे. ते ॲप थोडे दिवस बाजूला ठेवा. रुग्ण खरोखर विसरतात का, हे आधी बघायला हवं.

रुग्णालयांसाठी असा अभ्यास करणं हेच माझं काम आहे. एक बाई मला कायम आठवतात. हृदय कमजोर झाल्यामुळे त्यांच्या पायांवर सूज यायची. केसपेपरवर शेरा होता, 'औषधं नियमित घेत नाहीत.' मी विचारलं तर म्हणाल्या, "घेते की रोज." त्या खोटं बोलत नव्हत्या, तपासणाऱ्या माणसांना जे ऐकायला आवडतं तेच आपण सगळे सांगतो. मग मी गोळ्यांचा डबा बघू का, असं विचारलं. सात वारांचे सात खण. मंगळवार आणि शुक्रवारच्या खणांत एकेकच छोटी पांढरी गोळी उरलेली, बाकीच्या सगळ्या घेतलेल्या. ती लघवी होण्याची गोळी होती. त्या दोन दिवशी त्या बसने बहिणीकडे जायच्या. "दीड तासाचा प्रवास. गोळी घेतली की सारखं जावं लागतं. बस थांबवायला कसं सांगू?"

म्हणजे विसरण्याचा प्रश्नच नव्हता. अगदी विचार करून त्या ती एक गोळी वगळत होत्या. ॲपने रोज सकाळी आठवण केली असती, तर त्यांना रोज सकाळी फक्त अपराधी वाटलं असतं. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी त्या दोन दिवशी गोळी घरी परतल्यावर घ्यायला सांगितली. विषय तिथेच मिटला. (अशी वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी बदलू नये.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घ आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे उपचार घेतात. इतक्या सगळ्या माणसांना निष्काळजी ठरवणं मला पटत नाही. कुणाला गोळीची पट्टी फोडता येत नाही, कुणाची पट्टी कापताना औषधाचं नाव लिहिलेला तुकडा फेकला जातो, कुणी रात्रपाळीला असतं आणि 'सकाळी एक' म्हणजे नेमकं कधी हेच त्याला कळत नाही.

हे फक्त रुग्णांचंच नाही, कर्मचाऱ्यांचंही तसंच असतं. मला सगळ्यात मोलाचं वाटणारं उदाहरण पीटर प्रोनोव्होस्ट या अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांचं आहे. मोठ्या शिरेत नळी घालताना होणारा जंतुसंसर्ग कमी करायचा होता. हात धुणं, त्वचा निर्जंतुक करणं, रुग्णाला पूर्ण झाकणं हे नियम सगळ्यांना पाठ होते. पण बारकाईने पाहिल्यावर कळलं की लागणारं सामान गोळा करायला डॉक्टरांना आठ-आठ ठिकाणी जावं लागत होतं. घाईत काहीतरी राहून जाणारच! त्यांनी सगळं सामान एका ढकलगाडीवर आणलं, छोटी चेकलिस्ट केली आणि एखादी पायरी सुटली तर डॉक्टरांना थांबवायचा अधिकार नर्सना दिला. नंतर अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत ही पद्धत नेली. नळी असलेल्या दर १००० दिवसांमागे संसर्गाचं सरासरी प्रमाण ७.७ होतं, ते दीड वर्षात १.४ वर आलं. लोक यातल्या चेकलिस्टचंच कौतुक करतात. मला मात्र ती ढकलगाडी आणि नर्सना मिळालेला तो अधिकार जास्त महत्त्वाचा वाटतो.

शब्दांनीही फरक पडतो. ॲडम ग्रँट आणि डेव्हिड हॉफमन या संशोधकांनी २०११ मध्ये एका रुग्णालयात हात धुण्याच्या जागी दोन प्रकारच्या पाट्या लावून पाहिल्या. 'तुम्हाला आजार होणार नाही' यापेक्षा 'रुग्णांना आजार होणार नाही' या पाटीजवळ साबण आणि जेल जास्त वापरलं गेलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात फ्लूच्या लशीच्या पत्रात 'कोणत्या तारखेला, किती वाजता जाणार ते इथे लिहा' एवढी रिकामी जागा ठेवली, तर लस घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेलं. हा फरक लहान आहे, पण एका ओळीच्या छपाईत मिळालेला आहे.

आता तुमच्यासाठी. आठ-दहा रुग्णांना, त्यांची परवानगी घेऊन, घरी जाऊन भेटा. 'औषध घेता का?' असं विचारू नका. 'कालचा दिवस कसा गेला?' असं विचारा आणि औषधं ठेवायची जागा दाखवायला सांगा. घरात गोळ्या काढून देणारं माणूस वेगळं असेल तर त्याच्याशीही बोला, खरी माहिती बहुतेक वेळा तिथेच मिळते. 'जे सांगाल ते तुम्हाला विचारल्याशिवाय डॉक्टरांपर्यंत जाणार नाही,' हा शब्द त्यांना द्या आणि पाळा. काही बदल करण्याआधीचे आकडे नोंदवून ठेवा, नाहीतर उपयोग झाला की नाही हे नंतर कळणारच नाही.

आणि या भेटींना ॲपचा नमुना नेऊ नका. तो समोर ठेवला की लोक त्याच्या रंगाबद्दल आणि बटणांबद्दल बोलायला लागतात, गोळ्यांचा डबा बंदच राहतो.