५८ टक्के मिळूनही नापास?

प्रश्न: अमेरिकेच्या काही राज्यांत औषधी गांजाचं म्हणे लोकच मत देऊन ठरवतात, मग २०१४ला फ्लोरिडात जवळपास ५८ टक्के लोक हो म्हणाले तरी प्रस्ताव पडला कसा?

उत्तर: अहो, तो प्रस्ताव फ्लोरिडा राज्याची स्वतःची घटना बदलण्याचा होता आणि त्याला तिथे ६० टक्के लागतात, नुसतं बहुमत चालत नाही. २०१६ला परत मतदान झालं, ७१ टक्के पडले, झालं पास! पण गंमत पुढेच आहे, केंद्राच्या कायद्यात गांजा तेव्हाही बेकायदाच, म्हणून डॉक्टर प्रिस्क्रिप्शन देत नाहीत, नुसती शिफारस करतात आणि केमोने उलट्या होणारा पेशंट मेडिकलमध्ये न जाता परवान्याच्या वेगळ्या दुकानात जातो. विरोधक म्हणतात औषध मतपेटीतून कशाला ठरवायचं, ते एफडीएचं, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं काम. मला हे अर्धं पटतं, पण आमदार विषयाला हातच लावेनात तर लोकांनी तरी काय करायचं?