एन्क्रिप्ट केलेल्या फायलींच्या दुबार प्रती सर्व्हरला टाळता येतात का?

येतात, पण त्यासाठी थोडी गोपनीयता सोडावी लागते. एकच फाइल दोघांनी वेगवेगळ्या किल्ल्यांनी एन्क्रिप्ट केली, तर सर्व्हरला त्या दोन निराळ्या फायली वाटतात. कन्व्हर्जंट एन्क्रिप्शनमध्ये किल्ली फाइलच्याच हॅशमधून, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेल्या ठशासारख्या आकड्यातून, काढतात, त्यामुळे दोघांचे सांकेतिक रूप सारखेच होते आणि एक प्रत पुरते. मात्र ठरावीक नमुन्याच्या वेतनपत्रात रकमेचे पाच अंकच अज्ञात असतील, तर सर्व्हरवर ताबा असलेला माणूस लाखभर पर्याय स्वतः एन्क्रिप्ट करून तुमचे पत्र जुळवू शकतो. साध्या लॅपटॉपलाही हे काम जड नाही. म्हणूनच ताहो-लाफ्स ही फायली एन्क्रिप्ट करून साठवणारी प्रणाली किल्ली काढताना वापरकर्त्याचे गुपित मिसळते आणि ते गुपित जाणणाऱ्यांपुरत्याच दुबार प्रती टळतात. खासगी कागदपत्रांसाठी मी हेच निवडेन, कारण त्यांच्या प्रती परक्यांकडे सहसा नसतातच.