ध्यान करायला आधी विश्वास असावा लागतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: स्वभाव शंकेखोर, देवाधर्माकडे ओढा नाही, झोप उडालीय, डॉक्टर म्हणाले ध्यान करून बघा. तर आधी त्यावर विश्वास बसायला हवा का, आणि रोज किती वेळ, कोणत्या पद्धतीनं बसायचं?

विश्वासाची काहीही गरज नाही. ‘श्रद्धेनं करा, मग फळ मिळेल’ असं सांगणारे तुम्हाला पावलोपावली भेटतील. त्यांचं ऐकू नका. मी देव मानत नाही, पुनर्जन्म मानत नाही, चक्रं, कुंडलिनी, ऊर्जा यातलं काहीच मानत नाही, आणि तरी कित्येक वर्षं रोज पहाटे बसतो. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण हाच वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. खाण कंपनीच्या प्रयोगशाळेत खनिजाचे नमुने तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. बार्ज, म्हणजे माल नदीतून जहाजापर्यंत नेणारी सपाट बोट, भरण्याआधी मालात लोह किती टक्के, ओलावा किती, सिलिका किती, हे सांगणं माझं काम. नमुना दळायचा, त्याचा ढीग करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, बाकीचे टाकायचे, परत ढीग, परत चार भाग. मग आम्लात विरघळवून डायक्रोमेटनं टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत ब्युरेट नावाच्या मापाच्या नळीतून थेंब थेंब रसायन सोडायचं. जांभळा रंग आला आणि टिकला की ब्युरेटवरचा आकडा लिहायचा. एकाच नमुन्याची दोन निरीक्षणं जुळली नाहीत तर रिपोर्ट पुढे जायचा नाही. मुरगावला जहाज खोळंबलेलं असो की मॅनेजर डोक्यावर उभा असो.

अशा कामात मुरलेल्या माणसाला कोणी ‘हे शब्दांत सांगता येत नाही, अनुभवच घ्यावा लागतो’ असं म्हटलं की तो उठून जातो. मीही जायचो, आणि त्यात गैर काही नव्हतं. त्यातून आमच्याकडे हरमल, मांद्रे, मोरजी या किनारपट्टीत ध्यान कसं विकलं जातं ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. समुद्राकडे तोंड करून आठवडाभर डोळे मिटण्याचे जे पैसे घेतात, त्यात आमच्या गावातल्या घराचा महिन्याचा किराणा येईल. त्या बाजाराबद्दलचं माझं मत आजही तेच आहे.

सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि सगळंच ठप्प झालं. ज्यांनी ते दिवस आमच्या भागात काढले त्यांना माहीत आहे. घरोघरी ट्रक ताडपत्री घालून उभे, बँकेचे हप्ते चालूच, आणि ज्या रस्त्यावर लाल धुळीमुळे दार उघडं ठेवता येत नव्हतं तो रस्ता दिवसभर सुना. माझी नोकरी लगेच गेली नाही. अर्ध्या पगारावर घरी बसवलं. घराचं कर्ज होतं, मुलगी कॉलेजला जायची होती.

झोप तेव्हा गेली. लागायची वेळेवर, पण रात्री दोनच्या सुमाराला जाग यायची आणि डोकं लगेच हिशेबाला लागायचं. इतके आले, इतके गेले, सोनं ठेवलं तर इतके, मग परत पहिल्यापासून. पहाटेपर्यंत तेच. रक्तदाब वाढला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी गोळी दिली आणि म्हणाल्या, चालायला जा, मीठ कमी करा आणि जमलं तर ध्यान करा. गोळी घेतली, मीठ कमी केलं, चालायला लागलो. ध्यानाचं मनावर घेतलं नाही.

आमच्या वजनकाट्यावरचा एक सहकारी इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आला होता. त्यानं मला पटवायचा प्रयत्न केला नाही. अनुभव सांगितले नाहीत, डोळ्यांत पाणी आणून बोलला नाही. फक्त तिथलं वेळापत्रक दाखवलं. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, दिवसभरात दहाएक तास बसायचं, बोलणं बंद, रात्री नऊला दिवस संपला. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना. शुल्क नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. ते वाचून मला पहिल्यांदा वाटलं की ही कृती आहे. कृती असेल तर ती करून बघता येते आणि निकाल काय येतो ते पाहता येतं.

शिवाय त्याच्याकडून कळलं की हे शिकवणारे सत्यनारायण गोएंका हे मूळचे ब्रह्मदेशातले व्यापारी. त्यांना अर्धशिशीचा इतका त्रास की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. 1955 साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर ऊ बा खिननी आधी नकार दिला. डोकेदुखी घालवायला येणार असशील तर येऊ नकोस, म्हणाले. हे ऊ बा खिन कोणी मठातले भिक्खू नव्हते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल होते आणि आपल्या कचेरीतच कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवायचे. हिशेबातला माणूस, नोकरी करणारा, घरसंसार असलेला. मला हे आवडलं. गोएंका 1969 मध्ये भारतात आले आणि इगतपुरीचं केंद्र 1976 पासून चालू आहे.

मग मीही शिबिराला जायचं ठरवलं. थिवीहून रेल्वेनं निघालो, कल्याणला गाडी बदलली. आत गेल्यावर मोबाइल, पुस्तकं आणि पेन जमा. पेन देताना मला सगळ्यात जड गेलं, कारण नोंद न ठेवता तपासणी करायची कशी? संध्याकाळी जेवण नाही, नव्या माणसाला पाचला चहा आणि थोडंसं खाणं. रात्री गोएंकांचं ध्वनिमुद्रित प्रवचन. त्यात पूर्वजन्मीचे संस्कार आले आणि मी पेटलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या आचार्यांना भेटायची वेळ असते, त्यांच्यापुढे जाऊन बसलो आणि स्पष्ट विचारलं, ‘पूर्वजन्म वगैरे मला मान्य नाही. मग माझे हे दिवस फुकट जाणार का?’

ते म्हणाले, ‘नाकपुडीच्या खाली आत्ता काय जाणवतंय?’

मी म्हटलं, ‘खाज.’

‘ती मान्य आहे ना? मग तिच्यावर काम करा.’

एवढंच. इतकं सरळ उत्तर मला ध्यान करणाऱ्या कुठल्याही माणसाकडून तोवर मिळालं नव्हतं.

चौथ्या दिवसानंतर रोज तीन बैठका अशा असतात की तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. माझा उजवा गुडघा अर्ध्या तासात पेटायचा. तुम्ही म्हणाल, यात काय मोठं, दुखलं तर दुखलं. पण तिथे हलायची मुभा नव्हती म्हणून मी त्या दुखण्याकडे बघत बसलो, आणि मला दिसलं की ज्याला मी ‘दुखतंय’ म्हणतो ते एकसंध नाही. एक ठणका आहे, तो येतो-जातो. एक ऊब आहे. एका जागी दाब आहे, तो सरकतो. आणि या सगळ्याच्या वर ‘हे आता थांबणारच नाही, पाय कामातून जाणार’ ही माझी बडबड आहे, ती गुडघ्यात नाहीच. बडबडीकडे लक्ष देणं थांबलं की ठणका राहतो, पण सहन होतो. रात्री दोन वाजता हेच तर होत होतं! हप्ता ही एक गोष्ट आणि ‘आता सगळं बुडणार’ ही दुसरी. मी दोन्ही एकाच रकान्यात लिहीत होतो.

यात देव कुठे आला? गुरुकृपा कुठे आली?

आता भाईकडे येतो. भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. गावच्या देवळात भजनाला असतो, श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहाला न चुकता जातो. तिथे चोवीस तास भजन खंड पडू न देता चालतं, आणि मध्यरात्रीनंतर लोक पेंगायला लागतात तेव्हाही भाईचा आवाज तसाच. त्याची भक्ती खरी आहे, तिच्याबद्दल मी कधी वाकडा शब्द काढलेला नाही. पण मी इगतपुरीहून आल्यावर पहिल्याच गणेश चवथीला, आरती संपून घुमटं (आमच्याकडची मातीची वाद्यं) खाली ठेवली जात असताना, सगळ्या भावकीसमोर तो म्हणाला, ‘बघा, आमचा नास्तिक शेवटी वळला. देवानंच वळवला.’ सगळे हसले, काकीनं तर देवाला हात जोडले.

मला ते लागलं आणि आजही लागतं. मी वळलेलो नाही. जे तपासल्याशिवाय घ्यायचं नाही असं ठरवलं होतं ते तपासून घेतलं, बस. मी तसं म्हटलं तर भाई उलटा फिरला. मग हे नुसतं बकध्यान, म्हणाला. अनुग्रह नाही, नाम नाही, समोर मूर्ती नाही, तर डोळे मिटून उपयोग काय? म्हणजे उपयोग झाला तर देवानं केला आणि देव मानत नसलो तर उपयोग झालाच नाही. हा कुठला न्याय? प्रयोगशाळेत असा रिपोर्ट कोणी आणला असता तर मी फाडून टाकला असता.

आणि दुसऱ्या बाजूचे माझे पुरोगामी मित्र. त्यांच्या मते मी ‘त्यांच्यात’ गेलो, ध्यान म्हणजे मेंदूला दिलेली भूल. त्यांच्यासाठी आकडे सांगतो. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात काही आठवड्यांचा ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला, धर्माचा भाग पूर्ण बाजूला ठेवून, जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी. त्यानंतर अशा कार्यक्रमांच्या पुष्कळ चाचण्या झाल्या. 2014 मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात 47 चाचण्यांचा आढावा आला, त्यात मिळून 3,500 च्या आसपास माणसं. निष्कर्ष असा की चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम दर्जाचा पुरावा मिळतो, फरक पडतो पण थोडा. आणि व्यायाम, औषधं किंवा वर्तनोपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे असं दिसलं नाही. म्हणजे मित्रांनो, ही भूल नव्हे. आणि भाई, हे अमृतही नव्हे. मला हा निकाल पुरेसा आहे. ज्याचा थोडा पण खरा उपयोग होतो आणि ज्याला पैसे लागत नाहीत ती गोष्ट मी रोज करीन.

खाणी मध्ये काही काळ सुरू झाल्या. मग फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून परत सगळं बंद. या खेपेला माझी नोकरी खरोखरच गेली. भीती वाटलीच. छाती आवळली, तळहात गार पडले. पण छाती आवळलीय हे मला आवळल्यासारखंच कळलं. त्याचा पुढचा संपूर्ण विनाश मी रात्रभर रचत बसलो नाही. काही मिनिटं तिकडे बघितलं की ते सैल होतं, पुन्हा येतं, पुन्हा सैल होतं. रात्रीची जाग यायची, पण परत झोप लागायची. ही म्हणाली, ‘मागच्या वेळी दारं आपटत होतात, या वेळी नाही.’ झोपेच्या आणि रक्तदाबाच्या नोंदी मी एका वहीत ठेवतो, पण त्या वहीपेक्षा मी बायकोच्या या निरीक्षणाला जास्त वजन देतो, कारण तिला ध्यानात काडीचाही रस नाही. आता कुंडईला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. पगार कमी, काम तेच, नमुने तपासायचे.

किती वेळ विचारलं होतंत. सुरुवातीला वीस मिनिटं, रोज, एकाच वेळी. मी चहाच्या आधी बसतो, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों ऐकू यायच्या आत. नाकपुड्यांपाशी श्वास जाणवतो तिथे लक्ष ठेवायचं, सुटलं की परत आणायचं. पहिले काही महिने फक्त सुटतंच, तेव्हा ‘मला जमत नाही’ म्हणून उठू नका, परत आणणं हेच काम आहे. अ‍ॅप नको, संगीत नको, उदबत्ती नको. खाली बसवत नसेल तर खुर्ची चालते. एखाद्या दिवशी शांत वाटेल, त्या शांततेच्या मागे लागू नका, दुसऱ्या दिवशी ती येत नाही आणि मग चिडचिड होते. चवथीला पाहुणे आले, पावसात वीज गेली, घरात आजारपण आलं, तरी दहा मिनिटं का होईना बसा. माणसं सुटतात ती तत्त्वज्ञानामुळे नाही, अशा एखाद्या आठवड्यात खंड पडला की सुटतात.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. मी चालणं आणि मीठ कमी करणं त्याच सुमाराला सुरू केलं होतं, तेव्हा माझ्या रक्तदाबातला किती फरक कशामुळे हे वेगळं काढता येत नाही, आणि एका माणसाची वही हा काही पुरावा नव्हे. गोळी मी आजही घेतो. ध्यान सुरू केलं म्हणून कोणतंही औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका, मग ते रक्तदाबाचं असो की मनाच्या आजाराचं. आणि ध्यानानं सगळ्यांना बरंच वाटतं असं नाही. काहींना भीती वाढते, जुनं काहीतरी वर येतं. झोप उडण्याबरोबर खूप निराशा असेल, भास होत असतील, पूर्वी मानसिक आजार झाला असेल, तर एकदम दहा दिवसांच्या शिबिराला जाऊ नका, आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. शिबिराच्या अर्जात या आजारांबद्दल विचारतात, तिथे लपवाछपवी न करता खरं ते लिहा.