घरातले तीन फिश टँक एकाच फिल्टरला जोडायचे असतील तर पाइप आणि स्टँड कसा करावा?

टँक एकमेकांना सायफनने जोडू नका. नळीत हवा धरली की एक टँक रिकामा होतो आणि दुसरा वाहतो. प्रत्येक टँकला वरच्या बाजूला भोक पाडून १ इंची ओव्हरफ्लो पाइप थेट खालच्या संपमध्ये (फिल्टर असलेल्या खालच्या टाकीत) सोडा. (टफन काचेला भोक पाडता येत नाही, ती फुटते. साधी काच घ्या.) संपमधला एक पंप पाणी वर देतो. व्हॉल्व्ह फक्त या वर जाणाऱ्या पाइपांना लावा, खाली येणाऱ्यांना कधीच नाही.

लाइट गेल्यावर काय होईल, हे आधी बघा. माझ्याकडे पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा वर जाणाऱ्या पाइपातूनच पाणी उलटं खाली आलं आणि संप भरून हॉलभर पसरलं. आता त्या पाइपाला टँकमधल्या पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक आहे. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते, पाणी थांबतं. तरी संप एक तृतीयांश रिकामा ठेवा.

२×१×१ फुटी टँकमध्ये सुमारे ५६ लिटर पाणी मावतं, म्हणजे तिन्हींचं नुसतं पाणीच १७० किलोच्या आसपास. स्टँड दीड इंची चौकोनी लोखंडी पाइपाचा, नाशिकमध्ये असाल तर सातपूर-अंबडकडे फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. वर १८ मिमी प्लाय आणि थर्माकोल.

नाशिकच्या थंडीत या जोडणीचा मोठा फायदा होतो: संपमधला एकच हीटर तिन्ही टँक सांभाळतो. पण रोगही तिन्हींत पसरतो, म्हणून नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळाच ठेवा.